कमांडला न जुमानणाऱ्या चार ओळी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. न्हावा शेवा बंदरातल्या एका कंपनीत मी कंटेनरच्या याद्या सांभाळते. तिथे काही गायब झालं तर ते भुताने नेलेलं नसतं, कोणीतरी माती खाल्लेली असते... बहुतेक वेळा मीच.

तर मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. उरण तालुक्यातलं आमचं गाव, धाकट्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर. माझी हिरा आत्या धवलारीण, म्हणजे आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन देवांना-पितरांना नावानिशी मांडवात बोलावणारी. नेमकं तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी गायला सक्त मनाई केली. ती नुसती कोपऱ्यात बसून राहायची, बघवत नव्हतं. शेवटी ठरलं, तिच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून धवले उतरवायचे आणि मी ते बघून म्हणायचे. माझा आवाज ऐकून आमची म्हैस पान्हा चोरते, पण ते असो.

अॅपने उतरवलेली फाईल म्हणजे नुसता उकिरडा! रिकाम्या ओळी, मिनिट-सेकंदाचे आकडे, एकेक ओळ चार-चारदा. जेवणाच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची काळी खिडकी, उघडलं आणि रोजची कमांड मारली — आकडे काढ, रिकाम्या ओळी उडव, दुबार ओळी उडव. चारशेच्या शंभर ओळी झाल्या. मी खूश.

संध्याकाळी आत्यापुढे वाचायला बसले. ती घोगऱ्या आवाजात खेकसली, "येवरंच? बाकीचं कुठं गेलं?"

"तेच तेच होतं आत्या, काढून टाकलं."

"माझी सून येका हाकंत येत न्हाय, नि देव येतील व्हय गो?"

मी पुढे वाचू लागले. आणि अडखळले. 'ये गो चांगुणामाय, मांडवाला ये.' तीच ओळ खाली, परत खाली... चार वेळा!

आत्याचा चेहरा पांढरा पडला. "ही ओल कोनी घातली?"

मूळ फाईलमध्ये ती ओळ नव्हती. रेकॉर्डिंगमध्येही नव्हती. लॅपटॉपला पासवर्ड, आणि आत्याला अक्षरओळख नाही. मी तिथेच कमांड पुन्हा मारली. चारच्या चार ओळी जागच्या जागी. एखादी न दिसणारी स्पेस असेल, त्यामुळे कमांडला त्या ओळी वेगवेगळ्या वाटत असतील, म्हणून तेही तपासलं. काही नाही.

चांगुणामाय म्हणजे आत्याला धवले शिकवणारी म्हातारी. एका लग्नात धवलारणीच्या मानाचं लुगडं तिच्याऐवजी आत्याला मिळालं, तेव्हा म्हातारीने चारचौघींत आत्याला चोर म्हटलं. अबोला पडला, आणि तो मिटायच्या आतच म्हातारी गेली.

"सगल्यांना बोलावलं," आत्या म्हणाली, "तिला येकदा पन न्हाय." आणि ती रडायला लागली. मला फार वाईट वाटलं.

हळदीला मी मोबाईलवर मूळ फाईलच घेतली, चार-चार हाकांची. पितरांच्या नावांपर्यंत आले आणि आत्याने माझा मोबाईल खाली केला. डॉक्टर गेला उडत! फाटक्या आवाजात तिने स्वतः चांगुणामायला चार वेळा बोलावलं. बहीण रडली, मी रडले, बँडवाला म्हणाला डोळ्यात धूर गेला.

ऑफिसातला सिस्टिमवाला म्हणतो, फाईल करप्ट झाली असेल. असेल बाबा, पण करप्ट फाईलला चांगुणामाय कुठून माहीत? लग्नानंतर कामावर गेले त्या दिवशी ती चांगुणामायच्या चार ओळींची फाईल उघडून तीच कमांड, एक अक्षर न बदलता, पुन्हा चालवली. चार ओळींची मुकाट्याने एक झाली. का, ते मला आजही सांगता येत नाही.

आत्याला मात्र यात काही विशेष वाटलं नाही. म्हणाली, "आली नं ती. मंग आता परत परत कशाला बोलवाचं?"