बँकेत जाताना काढलेलं सोनं

"गळ्यात एवढं सोनं, आणि खातं फुकटचं पाहिजे? लाज वाटत नाही?"

पालघरच्या बँकेतला साहेब हे मोठ्याने बोलला. रांगेतली माणसं वळून माझ्या गळ्याकडे बघायला लागली. मी पदर ओढून घेतला, चोरी पकडली गेल्यासारखा.

मी सातपाटीची. मासळी विकते. माझ्या खात्यात ठरावीक रक्कम ठेवावी लागायची, कमी पडली की बँक दंड कापायची. पावसाळ्यात मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर, टोपली रिकामी, आणि खात्यातून कापणं मात्र चालूच. बँकेच्या दारावरच बोर्ड होता, काही शिल्लक न ठेवता चालणारं बिनखर्चाचं खातं कुणालाही मिळेल. सातवी शिकलेय, वाचता येतं. आपलं खातं तसं करून घ्यायला गेले होते.

आमच्यात बाईच्या अंगावर सोनं असतंच. हौस म्हणा, अब्रू म्हणा. आईने स्वतःच्या अंगावरचं उतरवून मला घातलेलं. घरात तेवढंच. हे मी साहेबाला सांगायला हवं होतं. मी "बरं साहेब" म्हणाले आणि खाली मान घालून बाहेर पडले. त्या "बरं साहेब"ची मला आजही किळस येते.

पुढच्या आठवड्यात मी सगळं काढलं. गळसरी, माळ, मंगळसूत्रसुद्धा. रुमालात बांधून कमरेला खोचलं. नवरा ओटीवर जाळं शिवत बसलेला. त्याने बघितलं आणि परत जाळ्यात मान घातली.

नाक्यावर रिक्षाची वाट बघताना शेजारची म्हातारी भेटली. माझा गळा बघून तिचा हात तोंडावर गेला.

"घरवाला बरा हाय ना गो तुजा?"

"बरा हाय. सोनाराकडं दिलंय, पॉलिशला."

खोटं बोलले. नवरा घरात धडधाकट, आणि मी असा गळा घेऊन निघालेली. कशासाठी? तर साहेबाला गरीब दिसावं म्हणून. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बँकेत साहेबाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हसला.

"हां, आज कशा गरीब दिसता! आणा फॉर्म."

पुढे केलेला फॉर्म मी मागे घेतला. मस्तकात तिडीक गेली. मी वाकलेली बघायलाच हा माणूस बसला होता, आणि मी घरूनच वाकून आले होते. मी रुमाल सोडला. त्याच्या टेबलासमोर उभी राहून एकेक दागिना घातला, मंगळसूत्र आधी. गळसरीचा फासा लागता लागेना.

"बोर्डावर सोन्याचं काय लिवलंय ते दाखवा. नायतर खातं करा."

"अहो बाई, इथे तमाशा नको."

"तमाशा तुमी केलात. मी नाय जात."

खातं झालं. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. त्याने मला फक्त बोल लावला होता, गळा मी माझ्या हाताने उघडा केला. ती लाज अजून आहे, आणि मी ती विसरणार नाही.

आता गावातल्या बाया खातं बदलायला निघाल्या की मी सोबत जाते. निघतानाच बजावते, अंगावरचं काय काढायचं नाय. कुणी बोललं तर तिथंच बसायचं. पहिली मी बसेन.