पिवळी रेघ

आमच्या बालवाडीच्या बाईंना सगळे भिंगरी म्हणतात, अर्थात त्यांच्या माघारी. गोष्ट सांगताना त्या चालतात, हजेरी घेताना चालतात, चहासुद्धा खिडकीपासून फळ्यापर्यंत येरझाऱ्या घालत पितात. वर्गात त्यांच्यासाठी खुर्चीच नव्हती. एक होती, पण तिचं वेताचं बूड फाटल्यापासून ती कोपऱ्यात पडून असायची. मी तिथली मदतनीस. पोरांची नाकं पुसायची, लादी पुसायची आणि बाई कुठेतरी विसरलेला चहा पुन्हा गरम करायचा, ही माझी कामं.

दारातली पिवळी रेघही मीच रंगवली होती. बाईंचा नियम असा, की पालकांनी मूल रेघेवर सोडायचं आणि पाठ फिरवायची. "पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही," असं त्या म्हणायच्या. मला पटायचं. आई दारात रेंगाळली की पोर दुप्पट रडतं, हे मी वीस वर्षं बघत आलेय.

यंदा एक चार वर्षांची मुलगी आली. तिचे आईबाप सकाळीच कारखान्यात जायचे, म्हणून आजोबा सोडायला यायचे. आजोबा खुर्च्यांना वेत विणणारे, बोटं सगळी चिरलेली. नातीला ते लाडाने ‘म्हातारे’ अशी हाक मारायचे. म्हातारी रडली नाही, पण बोललीही नाही. दोन महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसली. भिंगरीबाईंनी काय नाही केलं? बाहुल्या नाचवल्या, मांजराचे आवाज काढले, स्वतःच्या नाकाला निळा रंग फासला. पोरगी सगळं बघायची आणि मग मान वळवून खिडकीकडे. कारण खिडकीबाहेरच्या पायरीवर आजोबा शाळेचे चारही तास बसून असायचे.

त्यात तपासणीच्या मोठ्या बाईंचा निरोप आला. मी महिनाअखेर येते, मुलगी तोवर बोलली नाही तर तिची जागा दुसऱ्याला द्या, तिला वेगळ्या शाळेत पाठवा. ती शाळा दोन बस बदलून. तिथे तिला रोज कोण नेणार होतं? भिंगरीबाईंच्या येरझाऱ्या दुप्पट झाल्या, आणि सगळा राग निघाला आजोबांवर.

"तुम्ही इथे बसता म्हणून ती रुळत नाही. उद्यापासून सोडलं की घरी जायचं."

"पण बाई, मी तिला सांगितलंय, मी इथेच आहे म्हणून."

"मग आता सांगा, कामाला जातो."

"खोटं कसं सांगू?"

"मग काही सांगू नका. पण जा!"

दुसऱ्या दिवशी दोघंही आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी शाळा सुटली तशी बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "चला." मी निघाले.

आजोबांची खोली दुसऱ्या मजल्यावर. जिन्यातच एक खणखणीत आवाज ऐकू आला. "हात खाली! गप्प बसा!" वर जाऊन बघतो तर काय, आजोबा दाराबाहेर जमिनीवर बसलेले. उंबऱ्याच्या आत खडूची जाड रेघ. आणि खोलीत चार बिनबुडाच्या खुर्च्यांसमोर म्हातारी हात पाठीमागे बांधून येरझाऱ्या घालत होती. चाल थेट भिंगरीबाईंची.

"आजोबा, रेघेच्या आत पाय नको. जा!"

"बाई, पायरीवर बसू का थोडा वेळ?"

"नाही! तुमच्यामुळे ती रुळत नाही."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ती पिवळी रेघ ओढणारा ब्रश माझ्याच हातात होता ना! तेवढ्यात म्हातारीने आम्हाला पाहिलं आणि तिचं तोंड मिटलं. भिंगरीबाई खडूच्या रेघेपाशी थांबल्या.

"बाई, आम्ही आत येऊ का?" त्यांनी पोरीला विचारलं.

बाई उभ्याच. पाय चुळबुळत होते, पण त्यांनी रेघ ओलांडली नाही. मीच कंटाळून भिंतीला टेकले. शेवटी पोरीने तळपाय घासून वीतभर रेघ पुसली. तेवढ्यातून आम्ही दोघी अंग तिरपं करून आत गेलो.

"चुकलं माझं," बाई आजोबांना म्हणाल्या. "उद्या तुम्हीही वर्गात बसा. वेत घेऊन या, आमच्याकडे एक फाटकी खुर्ची आहे."

सकाळी मी सुरी घेऊन रेघ खरवडायला बसले. ऑइलपेंट कसला निघतोय! सुरी वाकली, लादीवर पिवळा डाग राहिलाच. आजोबा कोपऱ्यात विणायला बसले, मग हळूहळू इतर पालकही टेकायला लागले. पहिला आठवडा नुसता गोंधळ. पोरं दुप्पट रडली, मी म्हटलंच होतं. "वर्ग आहे की बाजार?" असं बाई दिवसातून चारदा म्हणायच्या, पण कुणाला बाहेर काढलं नाही. म्हातारी आजोबांना वेताच्या पट्ट्या द्यायची. मात्र तोंडातून चकार शब्द नाही. महिना संपत आला होता.

मोठ्या बाई आल्या त्या चपलांसकट थेट आत.

"इतके पालक वर्गात कसे? आणि ती न बोलणारी मुलगी कोणती?"

भिंगरीबाई पुढे झाल्या. एवढ्यात कोपऱ्यातून म्हातारी उठली. हात पाठीमागे बांधून मोठ्या बाईंसमोर उभी राहिली आणि त्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, "चपला बाहेर काढायच्या. मग आत या. इथे जागा आहे."

मोठ्या बाई दोन पावलं मागे गेल्या आणि खरोखरच चपला काढायला वाकल्या.

आजोबांनी नुकतीच विणलेली खुर्ची ओढून भिंगरीबाई मटकन बसल्या आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागल्या.

"बाई, वेत अजून ओला आहे, बूड सैल पडेल," आजोबा काकुळतीला येऊन म्हणाले.

बाई उठल्या नाहीत.