पश्चिमेचा फिका रंग

दिवाळखोरीचे अर्ज घेणाऱ्या कचेरीत त्यांना तोंडावर सगळे 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा'. आवाजच तसा होता. ज्यांना कर्ज फेडणं आता शक्यच नाही अशी साधी नोकरदार, दुकानदार माणसं अर्ज घेऊन बाकांवर बसत. बाई खिडकीतून त्यांचं नाव, बापाचं नाव आणि राहण्याची गल्ली अशी काही खणखणीत पुकारत, की जिन्यात पेंगणारा शिपाईसुद्धा दचकून उभा राही. फार पूर्वी एका साहेबांनी "बाई, तुमच्यामुळे इथे गोंधळ नसतो हो," म्हटलं होतं. ते साहेब निवृत्त झाले, पण कौतुक काही बाईंच्या डोक्यातून निवृत्त झालं नाही.

बाईंचं दुसरं काम नकाशाचं. शहराच्या प्रत्येक भागाला एक कचेरी, आणि अर्ज कुठल्याही कचेरीत दिला तरी चालतो असा नियम. दर तिमाहीला कुठल्या कचेरीत किती अर्ज आले ते बघून बाई नकाशा रंगवत. जास्त अर्ज तिथे गडद तांबडा, कमी तिथे फिका पिवळा. बाईंची कचेरी पश्चिमेला, घरही तिथेच, आणि पश्चिम कायम फिकी. याचा त्यांना कोण अभिमान! "आमच्याकडची माणसं हात राखून खर्च करतात," असं त्या चहाच्या टेबलावर सांगत. जणू पश्चिमेच्या प्रत्येक घराचा बाजारहाट त्याच करून देत होत्या.

बाईंच्या घरात मात्र एक खुर्ची रिकामी होती. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याला बाईंनीच वाढवला, फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान काढून दिलं, त्याचं लग्न करून दिलं. दर रविवारी तो त्यांच्याकडे जेवायला यायचा. मग अचानक यायचा बंद झाला. फोनवर "ताई, कामाचा रगाडा आहे गं," एवढंच. बाईंनी आधी त्याचा राग केला, मग सगळं खापर भावजयीवर फोडलं आणि शेवटी गप्प बसल्या. रविवारी ताट मात्र मांडत. आपल्या हातून काय चुकलं, हे त्यांना कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय चैनही पडत नव्हतं.

त्यातच पूर्वेचा रंग पार काळपट तांबडा झाला. "कुठेतरी पाणी मुरतंय," आताचे साहेब म्हणाले. "जाऊन बघा. पूर्वेच्या लोकांसाठी काटकसरीचे वर्ग काढू आपण."

पूर्वेची कचेरी निघाली एका गल्लीत, मागच्या दाराने जायची. दारावरच्या माणसाने काही न विचारता बाईंच्या हातात नंबराचा बिल्ला कोंबला. मी कोण आहे माहीत आहे का, असं त्या विचारणारच होत्या, पण आत इतकी शांतता होती की त्या तशाच आत शिरल्या. खिडकीवरच्या कारकुनाचं घशाचं ऑपरेशन झालेलं, आवाज कायमचा गेलेला. म्हणून तिथे नावं पुकारतच नसत. भिंतीवरच्या पाटीवर नंबर उजळे, माणूस उठे आणि खिडकीशी कुजबुजून परत येई.

बाई टेकल्या. शेजारच्या बाईला सहज विचारलं, "तुम्ही इकडच्याच का?"

"नाही हो, पश्चिमेची. दोन बस बदलून येते."

"एवढ्या लांब? तिकडे कचेरी आहे की!"

"आहे ना. पण तिथे एक बया बसते. नाव असं पुकारते की खालच्या भाजीवाल्याला कळतं. उद्या तो मला उधार देईल का?"

"तो भोंगा ना?" पलीकडचा म्हातारा हसला. "आमची अख्खी गल्ली इथे येते तिच्यापायी."

बाईंना कान गरम झाल्यासारखे वाटले. त्यांनी बिल्ला मुठीत घट्ट धरला. पूर्व तांबडी का आणि पश्चिम फिकी का, याचा उलगडा झाला होता. एक घसा बसलेला आणि एक न बसलेला, बाकी काही नाही.

पाटीवर नंबर बदलला. पुढच्या बाकावरून एकजण उठला. खांदे पडलेले, शर्ट अंगात ढगळ. तो धाकटा होता.

बाईंनी तोंड उघडलं, पण हाक मारली नाही. त्या उठून गेल्या आणि त्याच्या कोपराला हात लावला.

"ताई? तू इथे कशी?"

"कामाला आले. तू?"

"मीपण कामालाच." त्याने नजर खाली वळवली. "दुकान गेलं. एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, असं करत करत."

"आणि मला सांगितलं नाहीस? माझी कचेरी तुझ्या घरापासून चालत जाण्यासारखी!"

"तिथे तू आहेस ना."

"म्हणूनच म्हणते!"

"तू नाव पुकारलं असतंस, ताई."

"वेडा आहेस का? तुझं कसं पुकारीन मी?"

"सगळ्यांचं पुकारतेस." टोचून नव्हता बोलला, जे होतं तेच सांगत होता. "आणि आपल्या दोघांच्या बापाचं नाव एकच आहे."

बाईंना फार लागलं ते. त्यांनी त्याची पिशवी आपल्याकडे घेतली आणि तो खिडकीवरून परत येईपर्यंत मांडीवर धरून बसल्या.

परतल्यावर त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं, स्वतःच्या आवाजासकट. साहेबांना ते पटलं नाही. आकडे असे आवाजावर हलत नाहीत, असं त्यांचं शिक्षण होतं. पण बाईंनी बिल्ले आणवले आणि नावं पुकारणं सोडलं. पुढच्या तिमाहीत पश्चिम तांबडी व्हायला लागली, आणि साहेबांनी काटकसरीचे वर्ग तिकडे हलवले.

रविवारी धाकटा बायकोला घेऊन आला. पानं वाढून झाली. बाईंनी स्वयंपाकघरातून हलकेच हाक मारली. बाहेर कुणाला पत्ताच नाही. पुन्हा मारली, तशीच. शेवटी तो दारात येऊन उभा राहिला.

"ताई, घरात तरी नीट हाक मार."

बाईंनी नाकाला पदर लावला. मग हाक मारली, खालच्या मजल्यापर्यंत जाईल अशी.