डेनिसची धास्ती

चार फिजिओ चहाला बसले की पेशंटपेक्षा किस्सेच जास्त निघतात. माझे बहुतेक एकाच माणसाचे!

डेनिस. इंग्लंडमध्ये पंधरा वर्षं फुटबॉल खेळला, डिफेन्समध्ये; गुडघा गेल्यावर तिथेच टीमचा मॅनेजर, म्हणजे मुख्य कोच झाला. २०१६ साली तो इंग्लंड सोडून माउंट वेलिंग्टन या उपनगरातल्या आमच्या छोट्याशा क्लबचा कोच होता आणि मी टीमची फिजिओ. त्या सीझनला टीम तळाशी, आणि डेनिसला सतत धाकधूक.

*

एका मॅचआधी ड्रेसिंग रूममध्ये तो म्हणाला, "काळजी करू नका." दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मग पुन्हा. सातव्यांदा म्हणाला तेव्हा आमचा गोलकीपर निखिल, मूळचा ठाण्याचा, माझ्या कानाशी कुजबुजला, "ताई, मला इतका वेळ नव्हती हो काळजी!"

*

एकदा त्याला जवळच्याच पेनरोजहून लिफ्ट दिली. मी रेडिओ लावला, त्याने झटकन बंद केला.

"आवडत नाही?"

"इंग्लंडमध्ये प्रॅक्टिसला जाताना गाडीत बातमी ऐकली. मॅनेजरला काढलं म्हणे. मॅनेजर मीच होतो!"

"मग काय केलंस?"

"पोरं वाट बघत होती. प्रॅक्टिस घेतली."

*

सीझनची शेवटची मॅच. हरलो तर थेट खालच्या डिव्हिजनमध्ये. एक-एक बरोबरी असताना डेनिस पांढराफटक पडला आणि मटकन बर्फाच्या पेटीवर बसला. मी ॲम्ब्युलन्स बोलावली.

पॅरामेडिकने विचारलं, "छातीत कधीपासून दुखतंय?"

"त्यांचा गोल झाला तेव्हापासून."

"म्हणजे अर्धा तास?" मी किंचाळलेच. "बोलला का नाहीस?"

"सब्स्टिट्यूट संपले होते!"

मॅच बरोबरीत सुटली, टीम वाचली. डेनिसही वाचला. स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी बजावलं, सध्या मॅच बघायची नाही.

*

महिन्याभराने एका सकाळी त्याच्या बायकोचा, मॉरीनचा फोन आला. "डेनिस घरात नाहीये. फोनही इथेच ठेवून गेलाय."

गाडी काढली ती थेट ग्राउंडवर.

मैदान ओस पडलेलं. आमच्या बेंचवर डेनिस एकटाच, मफलर गुंडाळून.

"अरे, आज मॅच नाहीये!"

"नाहीये ना? मग डॉक्टरांची काय हरकत?"

मॉरीनला तो सापडल्याचं कळवलं आणि त्याच्या शेजारी बसले. मग त्याने एकदम माझं कोपर घट्ट धरलं.

"डावी बाजू मोकळी पडलीय!"

मी डावीकडे पाहिलं.