बेंझिनच्या बशीतली तिकिटं

बेंझिनचा वास आला की मला पडेगावच्या मामांची खोली आठवते. ते जुनी तिकिटं जमवायचे. त्या संध्याकाळी, गुंडाळीच्या रिळातून विकली जायची तसली दोन जोडलेली पोस्टाची तिकिटं बशीभर बेंझिनमध्ये बुडवून मामा भिंगातून बघत होते. मधली रेघ छापखान्यातली असेल तर टिकणार, कुणी किंमत वाढवायला नंतर ओढलेली असेल तर विरघळणार. तेवढ्यात लाइट गेली आणि मामी बुद्धमूर्तीपुढची पेटती मेणबत्ती घेऊन आत आल्या. बेंझिन पेट्रोलसारखं भडकतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. "मामी, थांबा!" मी किंचाळलो. "काय झालं रं?" म्हणत त्या अजून पुढं आल्या. "इझव आधी ती!" मामा ओरडले, तशी त्यांनी घाबरून फुंकर मारली. लाइट आली तेव्हा रेघ शाबूत होती, पण मामा तिच्याकडं बघतही नव्हते. मी मामींचा पदर मुठीत घट्ट धरून उभा होतो, आणि तो कधी धरला ते मला आजही आठवत नाही.