चंद्रभानभाऊंचा ‘सीरियस’

वलगावात माणूस मेला तरी आधी ‘सीरियस’ होतो. म्हणजे इकडे तिरडी बांधायला घेतलेली असते, अन् तिकडे मुंबई-पुण्याच्या लेकराला फोन जातो, "माय सीरियस हाये, लगेच निंघ." ऐकणाराही काय समजायचं ते समजतो. पण वाटभर थोडी आशा राहते अन् माणूस घरापर्यंत धड पोचतो. उगाच नाही पडली ही रीत.

हा फोन लावायचं काम तीस वर्षं चंद्रभान गावंडेंकडे होतं. बसस्टँडजवळ त्यांचं एसटीडीचं दुकान होतं तेव्हापासून. पुढे घरोघरी मोबाईल आले, दुकान बंद पडलं, भाऊ शेतीला लागले. तरी लोक त्यांना शोधत वावरात यायचे. "भाऊ, तुमीच सांगा. आमच्या तोंडून शब्द निंघत नाई." भाऊंचा आवाज जराही हलत नसे. याचा त्यांना थोडा गर्वही होता, खोटं कशाला बोला?

मग शेजारच्या जानरावच्या आईचं झालं. म्हातारी दवाखान्यात होती, चांगली बोलत होती. जानरावच्या बहिणीला बोलवायचं म्हणून भाऊंनी सवयीनं फोन केला, "माय सीरियस हाये." अन् चार वाजायच्या आत म्हातारी गेली. योगायोग हो, दुसरं काय! कोणी भाऊंना बोल लावला नाही. पण त्यांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. भरदुपारी वावरात त्यांना आपलाच आवाज ऐकू यायचा, शांत, न हलणारा, "सीरियस हाये." दचकून मागे पाहायचे, तर तुरीच्या ओळींत कोणी नसायचं. तो शब्द त्यांनी सोडला, पण आवाज काही त्यांना सोडेना.

गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या बायकोला, दुर्गाबाईंना, अमरावतीच्या दवाखान्यात भरती केलं. सकाळी डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. "काका, पेशंट सीरियस आहे. मुलाला बोलावून घ्या."

एकुलता एक पियुष पुण्यात नोकरीला. त्याला फोन लावला, शब्द जिभेवर आला, अन् भाऊंनी तो गिळला. आपण म्हटलं की ती गेलीच, हे त्यांना पक्कं वाटत होतं.

"काई नाई, तुह्या मायची तब्येत जराशी नरम हाये."

"मी येऊ का बाबा?"

"कामधंदा सोडून काहून येतं? सवडीनं येजो."

आत दुर्गाबाई दाराकडे पाहत पडल्या होत्या. "पियुष निंघाला काय?"

"निंघाला," भाऊ म्हणाले.

दिवसभरात त्यांनी चारदा विचारलं, अन् चारही वेळा भाऊ खोटं बोलले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. पियुषला फोन डॉक्टर मॅडमनीच केला.

तेरवी होईपर्यंत पियुष बापाशी कामापुरतं बोलला. पाहुणे पांगल्यावर भाऊंनी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं, जानरावच्या आईपासून. तो शब्द उच्चारला असता तर ती गेली असती, असं वाटलं रे, म्हणून नाही उच्चारला. पियुषनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. चिडला असता तर भाऊंना बरं वाटलं असतं.

"तो शब्द कायले पायजे होता बाबा?" तो म्हणाला. "मी येऊ का म्हनून इचारलं होतं ना तुमाले. नुसतं ये म्हनले असते."