खुनी माणसासाठी एक चाल

आम्ही गाव सोडलं ते जऊळक्याच्या स्टेशनावरून. आमच्या रिठद गावाहून वाशीमचं स्टेशन सोयीचं, पण तिथे शेषराव माणसं घेऊन उभा आहे असं कळलं, म्हणून शेजारच्या गणपतमामांनी बैलगाडी आडवाटेने काढली. गाडीत मी आणि माय. मायचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, जवसाचं तेल लावून जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळलेले. वाटेत चाक दगडावरून उतरलं की तिचं तोंड वाकडं व्हायचं, पण आवाज निघाला नाही. मला रडू यायला लागलं तेव्हा एवढंच म्हणाली, "रडू नको. मामा पाहून राह्यले."

आगगाडी हलली आणि शेषराव दिसला. कोणीतरी त्याला आमची वाट सांगितली होती. फलाटावरून डब्याबरोबर पळत त्याने दगड मारला. तो माझ्या कपाळाला लागला. डोळ्यांत रक्त उतरलं, आणि त्या लाल पडद्याआडून मला त्याचं ओरडणं ऐकू आलं, "भाऊ जेलात लपला, तू कुठी लपतं बे? परत ये! आमी वाट पाहून राह्यलो!"

ती जखमेची खूण अजून आहे. कोल्हापुरात लोक विचारतात, तेव्हा लहानपणी झाडावरून पडलो असं सांगतो.

गावातल्या लोकांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी आज हे खरं खरं लिहितो आहे. कारण ही हकीगत प्रत्येक जण आपल्याला हवी तशी सांगतो, आणि मी स्वतः ती कधीच सांगितली नाही.

शेषराव माझा चुलतभाऊ. त्याचा थोरला भाऊ पुंजाजी. माझा थोरला भाऊ किसन, त्याला मी दादा म्हणायचो. आमचे बाप सख्खे भाऊ, दोघेही लवकर गेले आणि शेताचे दोन तुकडे करून गेले. मध्ये धुरा, म्हणजे बांध. दादा आणि पुंजाजी एका वयाचे, एकाच ताटात जेवून वाढलेले. दिवाळीनंतर गावात दंडार, आमच्याकडचा नाचगाण्याचा खेळ, उभी राहायची, तेव्हा पुंजाजी गायचा, दादा डफडं वाजवायचा आणि मी पेटीवर साथ करायचो. पुंजाजीचा आवाज फार गोड नव्हता. पण त्यात एक मस्ती होती, ऐकणाऱ्याच्या पायांना ती लागायची. नांगर धरला तरी तो गातच असे. आमच्या शेतात उभं राहिलं की तो नांगराच्या कुठल्या तासावर आहे हे न पाहता सांगता यायचं.

गुढीपाडवा होऊन गेला होता. त्या सकाळी तो गात गात धुऱ्यावर नांगर घालून गेला. मुद्दाम की चुकून, ते आता कोण सांगणार? दादा धावत गेला. मी मागे.

"धुरा काहून मोडला रे?"

पुंजाजी हसला. "तुह्या बापाचा होता का?"

दादाने बैलांची वेसण धरली. पुंजाजीच्या हातात बैल हाकायची तुतारी होती, टोकाला खिळा असलेली. त्याने ती दादाच्या तोंडावर ओढली. गाल फाटला. दादा वळला, आमच्या गाडीतली कुऱ्हाड घेतली आणि परत आला. या सगळ्याला एक बिडी ओढण्याइतकाही वेळ लागला नाही. वार मानेवर बसला. पुंजाजी उभाच राहिला क्षणभर, काही बोलणार असल्यासारखा. मग गुडघ्यांवर आला. रक्ताच्या वासाने बैल बुजले आणि नांगरासकट उधळले. फाळ त्याच्या पायावरून गेला तरी तो ओरडला नाही, तेव्हा मला समजलं.

दादा तिथेच ढेकळांवर बसून राहिला. पोलीस पाटील येईपर्यंत त्याने पुंजाजीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेषराव आला, त्याने दादाच्या पाठीत लाथा घातल्या, कुऱ्हाडीच्या दांड्याने बरगड्या मोडल्या. दादाने हात वर केला नाही.

पोलीस दादाला घेऊन गेले. मग आमचा गोठा कोणीतरी पेटवला. बैल आत बांधलेले. माय आगीत शिरली आणि दावं सोडवू लागली. एक बैल सुटला. दुसऱ्याचा हंबरडा मी ऐकला तसा कुठल्या जनावराचा पुन्हा ऐकला नाही. त्यानंतर गावात राहणं म्हणजे मरण्याची वाट पाहणं होतं.

अकोल्याला काही महिने काढले. एका नाटक कंपनीला पेटीवाला हवा होता, तिच्याबरोबर फिरत फिरत मी कोल्हापूरला पोचलो. कंपनी बुडाली, मी सिनेमाच्या स्टुडिओत चिकटलो. मायला बोलावून घेतलं. गावात मी 'मले' म्हणायचो, स्टुडिओत लोक हसले म्हणून 'मला' म्हणू लागलो. आधी टेक, रीटेक, रीळ, मायक्रोफोन हे शब्द तोंडात दगडासारखे वाटायचे, नंतर सवयीचे झाले. माय मात्र तशीच राहिली. शेजारणी तिच्याशी गप्पा मारायला येत आणि अर्धं बोलणं न समजून हसत हसत परत जात. ती दार लावून मला म्हणायची, "चांगल्या आहेत बायका. पन आपल्या नाहीत."

संगीत दिग्दर्शकांना सगळे मास्तर म्हणत. मी त्यांचा सहायक झालो तेव्हा स्टुडिओत एक ग्रामीण चित्रपट चालू होता. भावकीच्या भांडणात खून केलेला एक माणूस शिक्षा भोगून गावात परततो. त्याच्याशी कोणी बोलत नाही. तो ओसरीवर एकटा बसलेला असतो, सबंध रीळभर, एक शब्द न बोलता. त्या रिळाला संगीत द्यायचं होतं. गोष्ट ऐकून मी पेटीचे सूर उगाचच तपासत बसलो. कोणाला काही बोललो नाही.

मास्तरांनी सहा व्हायोलिनं आणि सारंगी लावली. चाल उत्तम होती. ऐकताना वादकांचेही डोळे भरले. पण दिग्दर्शक मान हलवत म्हणाले, "मास्तर, हे ऐकून लोक त्याला माफ करून मोकळे होतील. मला ते नको."

मास्तर चिडले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मग याला विचारा. हा खेड्यातला आहे." आणि मला खरोखरच बजावलं, की चार दिवसांत दुसरं काही आणून दाखव, नाहीतर तोंड बंद ठेव.

त्याच आठवड्यात दादा सुटून आला.

तो आत गेला तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रदेशात होता, बाहेर आला तेव्हा मुंबई राज्यात. तो नागपूरच्या जेलातून कोल्हापूरला आला आणि दारात उभा राहिला, तर मायने आधी ओळखलं नाही. पुढचे दात पडलेले, गालावर ती तुतारीची रेघ. बोललेलं ऐकायला तो डावा कान पुढे करायचा. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा मायने भाजी चिरायला विळी काढली, तर उठून बाहेर गेला आणि ती विळी आत ठेवेपर्यंत आला नाही.

"याले घरात एकटा ठिऊ नको," माय म्हणाली. तिला बाजारात जायचं होतं, म्हणून त्या दिवशी मी त्याला स्टुडिओत नेलं आणि रेकॉर्डिंगच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर बसवलं. तेच रीळ लागलेलं होतं हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला. पडद्यावर तो माणूस ओसरीवर बसला, व्हायोलिनं सुरू झाली.

दादा उठला. "बंद करा!" असं ओरडला, आणि दाराच्या काचेवर मूठ मारली. काच फुटली. फुटलेल्या काचेवर त्याने पुन्हा मूठ मारली, पुन्हा मारली. मनगटापर्यंत हात रक्ताने माखला. दोघातिघांनी त्याला धरलं, तर त्याने एकाला भिंतीवर फेकलं. मी कमरेला मिठी घालून त्याला बाहेर ओढलं.

नळाखाली त्याचा हात धुताना मी विचारलं, "दादा, काय झालं?"

"थो पडद्यावरचा रडून काहून राह्यला?" तो म्हणाला. "कोन रडते असं? मले एकदा बी रडू नाही आलं."

"मंग काय होते?" माझ्या तोंडी आपोआप गावची बोली आली.

त्याने हात नळाखालून काढून घेतला. "पुंजाजी गाते. सकाळ झाली का सुरू. थ्या दंडारीतलं, नांगर धरला का गाये थे. खुशीत गाते रे तो, मस्तीत. मी कानात खिळा घातला. या उजव्या. फुटला कान. तरी गाते."

नळ वाहत होता. तो बंद करायचं मला सुचलं नाही.

घरी आल्यावर मी पेटी घेतली आणि ती चाल आठवून वाजवली. दादा भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. एका ठिकाणी म्हणाला, "इथी थो थांबे. बैलाले हाक मारे, मंग पुढं जाये." मी तशी थांबवली. मग भीत भीत विचारलं, की ही सिनेमात घेऊ का.

"माही थोडी आहे," दादा म्हणाला. "त्याची आहे. घेशीन तं पुरी घे. मधात तोडू नको."

त्या रात्री मला झोप नव्हती. मेलेल्या माणसाचं गाणं, त्याला मारणाऱ्याच्या तोंडून मिळालेलं, आणि मी ते पडद्यावर विकायला नेणार! पण त्या ओसरीवरच्या माणसाला दुसरं काही शोभत नव्हतं. त्याला रडण्याची सोय करून द्यायची नाही, एवढं मला पक्कं कळलं होतं.

मी एक हलगीवाला आणि एक क्लॅरिनेटवाला घेतला, पेटीवर स्वतः बसलो. पडद्यावर तो माणूस बसला आणि हॉलमध्ये ती उडती चाल सुरू झाली. मास्तर ओरडले, "वरात आहे का ही? गाढवा!" आणि पेटीचं झाकण माझ्या बोटांवर आपटलं. दोन नखं काळी पडली. पडद्यावरचा नट तोच, चेहरा तोच, पण आता त्याच्याकडे पाहवत नव्हतं. एवढ्या आनंदी गाण्यात तो इतका एकटा दिसत होता, की एक वादक उठून बाहेर गेला.

दिग्दर्शक म्हणाले, "पुन्हा वाजवा."

सुजलेल्या बोटांनी मी पुन्हा वाजवलं. तीच चाल राहिली. मास्तर पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलले नाहीत.

दादा कोल्हापुरात रमला नाही. एके दिवशी म्हणाला, "मी रिठदले जातो." मी ओरडलो, हातापाया पडलो, मारून टाकतील म्हणालो. मायने मात्र गाठोडं बांधायला घेतलं. "मारतीन तं मारतीन. माह्या डोळ्यासमोर मारतीन," म्हणाली. मग मीही निघालो.

आम्ही रिठदला आमच्या गल्लीत शिरलो तेव्हा ऐन दुपार होती. दारं आतून लागली. शेषराव बैलगाडीची उभारी, कडेचा जाड लाकडी दांडा, उपसून आला. दादा समोर जाऊन उभा राहिला. पहिला तडाखा गुडघ्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरा मांडीवर. दादा खाली पडला, तरी त्याने हात वर केला नाही. मी शेषरावच्या अंगावर गेलो, त्याने मला कोपराने उडवलं. उभारी डोक्यावर उगारलेली असताना दारातून काकू बाहेर आली, पुंजाजीची आई. म्हातारी झाली होती.

"शेषा, ठिव थे," ती म्हणाली.

"माय, आज सोडत नाही."

"मेला तं सुटन थो. राहू दे जिवंत."

शेषरावने उभारी टाकली. काकूने दादाकडे पाहिलंही नाही, दार लावून घेतलं. दादाला खाटेवर घालून आम्ही वाशीमच्या दवाखान्यात नेलं. पाय वाकडा बसला. तो आणि माय आता रिठदलाच असतात. तो लंगडत शेत करतो. गावात त्याच्याशी कोणी बोलत नाही, पण त्याला कोणी जा असंही म्हटलेलं नाही.

मी एकटा कोल्हापूरला परतलो. चित्रपट चालला. पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, तेव्हा तो सिनेमा वाशीमच्या तंबूत येऊन गेला होता. माझं नाव पडद्यावर आहे म्हणून गाव बैलगाड्या जुंपून गेलं होतं, आणि काकूलाही कोणीतरी नेलं होतं.

मी आल्याचं कळताच ती आमच्या अंगणात आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने माझ्या थोबाडीत दिली. मी सावरतो न सावरतो तोच दुसरी दिली, इतक्या जोराने की ओठ फुटला.

"माह्या पुंजाचं गानं त्या खुन्याच्या तोंडावर काहून घातलं?"

माय दारात उभी होती, दादा गोठ्यात. कोणी मध्ये पडलं नाही. काकूने मारलेला हात पदरात धरला. मग हळू आवाजात म्हणाली,

"आता कुठी लागन थो शिनेमा?"

कोल्हापुरात मला मान आहे, भाड्याचं बरं घर आहे, मला 'साहेब' म्हणणारी माणसं आहेत. पण थोबाडीत मारायचा हक्क असलेलं माणूस मला तिथे नाही. ते रिठदलाच आहे. माझं गाव कुठलं, हे मला त्या दोन चपराकींनंतर कोणाला विचारावं लागलं नाही.

सिनेमा पुढे अकोल्याला लागला. मी काकूला घेऊन गेलो. ते रीळ सुरू झालं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले, आणि चाल संपेपर्यंत उघडले नाहीत.